आधी माणूस गेला, मग चूल : रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या घटत्या लोकसंख्येची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच तक्त्यात तीन जिल्ह्यांपुढे मात्र उणे चिन्ह होतं. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला होता आणि सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. तिसरा जिल्हा मुंबई शहर. तिथली लोकसंख्या ३३,३८,०३१ होती, ती ३०,८५,४११ झाली. याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड (पालघरसह) ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

हे आकडे आजवर सुटेसुटे वाचले गेले. मुंबई शहराची घट पुनर्विकास आणि महाग घरांच्या खात्यात गेली, ठाण्याची वाढ परप्रांतीयांच्या खात्यात. तळकोकणाची घट ही कायमची रडकथा ठरली. खरं तर चारही जिल्ह्यांत बऱ्याच अंशी एकाच माणसाचा प्रवास नोंदला गेला आहे. राजापूर किंवा देवगड तालुक्यातल्या वाडीतून तो लालबाग-परळला गेला, लालबागहून दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला गेला, आणि शेवटी गावातलं उरलेलं घरही त्याच्या मागोमाग निघालं.

लोक कोकण सोडून जातात, ही बातमी जुनीच आहे. १८८० च्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही कामासाठी मुंबईला जाणाऱ्यांची नोंद सापडते. मुंबईच्या सैन्यात, पोलिसांत, गोदीत आणि पुढे कापड गिरण्यांत रत्नागिरीची माणसं होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त लोक मिळाले, तेव्हा शहराची लोकसंख्या बारा लाखांच्याही आत होती. जमीन वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी, पीक नाचणी-वरीचं, भाताची खाचरं थोडी आणि वर खोताचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा वाटा. १९३७ साली कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आलं, ती प्रत्यक्षात गेली १९४९ च्या कायद्याने. तोवर दोन पिढ्या बोटीने मुंबई गाठून मोकळ्या झाल्या होत्या.

मग प्रश्न असा की माणसं शंभर-सव्वाशे वर्षं जात होती, तर उणे चिन्ह २०११ लाच का उमटलं? १९९१ ते २००१ या दशकातसुद्धा रत्नागिरी जिल्हा जवळपास दहा टक्क्यांनी वाढला होता आणि सिंधुदुर्ग साडेचार टक्क्यांच्या आसपास. राज्याच्या वाढीपुढे हे आकडे किरकोळ होते, पण ती वाढ होती. पुढच्या दशकात कोकणात साथ आली नाही की मोठा दुष्काळ पडला नाही. उलट १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली होती आणि रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. कोकण सावरणार, असं त्या काळात पुष्कळ लिहिलं गेलं.

उत्तर शोधायला स्त्री-पुरुष प्रमाण पाहावं लागतं. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १९९१ मध्ये बाराशेच्या घरात बायका होत्या. २००१ मध्ये हा आकडा ११३६ झाला, २०११ मध्ये ११२२. सिंधुदुर्गात २००१ मध्ये १०७९ होता, तो दहा वर्षांत १०३६ वर आला. मुंबई शहरात उलट घडलं, तिथे ७७७ चे ८३२ झाले. बाईमाणूस गावाकडून निघालं, हे सांगायला वेगळा अभ्यास नको. रत्नागिरीच्या ८१ हजारांच्या घटीत सुमारे ४८ हजार बायका आहेत आणि ३३ हजार पुरुष. सिंधुदुर्गाचा हिशेब आणखी बोलका आहे. तिथे दोन जनगणनांमध्ये पुरुषांची संख्या जवळजवळ होती तिथेच राहिली. कमी झालेल्या १९ हजारांपैकी साडेअठरा हजारांच्या आसपास बायका होत्या.

जुनी व्यवस्था या बाईवर उभी होती. नवरा गिरणीत, गावकीच्या म्हणजे गावच्या माणसांच्या सामाईक खोलीत वीस-तीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपणारा आणि खानावळीत जेवणारा. बायको गावाला. लावणी, कापणी, गुरं, म्हातारी माणसं, पोरांची शाळा, देवाचा मान, भाऊबंदकीचे दावे, सगळं तिच्या अंगावर. महिन्याला मनीऑर्डर यायची. या व्यवस्थेला 'मनीऑर्डरवरची अर्थव्यवस्था' म्हणण्याची पद्धत आहे. ते नाव मला अपुरं वाटतं, कारण त्यात पाठवणारा दिसतो आणि राबणारी दिसत नाही. लोकसंख्येच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ सरळ होता. माणूस मुंबईत असला तरी चूल गावात होती, मुलं गावात जन्मत होती, आणि मोजणीत एक जण वजा झाला तरी घरातले पाच जण शिल्लक राहत होते.

ही व्यवस्था मोडायला सुरुवात झाली ती १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपापासून. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाच्या काळात अनेक जण गावी येऊन राहिले, काही कायमचे. पण त्यांच्या मुलांसमोर गिरणी नव्हती आणि गावकीची खोलीही नव्हती. त्यांना मिळाली कुरिअर, सुरक्षारक्षक, छोटं वर्कशॉप, रिक्षा, दुकानातला काउंटर अशी कामं. गिरणीत निदान पाळी, रजा आणि फंड होता. शिमग्याला-गणपतीला रजा टाकून महिनाभर गावी राहणं त्या नोकरीत बसत होतं. नव्या कामात चार दिवस गैरहजर राहिलं की जागा गेली. गावाचं घर आणि शहराचं काम दोन्ही सांभाळण्याची सोय संपली आणि एकाच जागी राहणं भाग पडलं.

ती एक जागा लालबाग-परळ असणं शक्य नव्हतं. चाळी पडून टॉवर येऊ लागले होते. दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार इथे वन-रूम-किचन परवडत होतं. 'किचन' हा शब्द इथे नुसता जाहिरातीतला नाही. जनगणना कुटुंब धरते ते एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसांचं, म्हणजे आपल्या भाषेत एका चुलीचं. खोलीत राहणाऱ्या वीस गडीमाणसांना शहरात चूलच नव्हती. वन-रूम-किचन आलं तशी चूल आली आणि चुलीबरोबर बायको-मुलं आली. गावात मागे राहिली म्हातारी सासू. तीही गुडघे धरले की पावसाळ्याआधी दिव्याला. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर तिथूनच सुटते.

कोकण रेल्वेचं श्रेय आणि दोष, दोन्ही इथे आहेत असं माझं मत आहे. रेल्वेने माणसं परत आणावीत अशी अपेक्षा होती. पण एका रात्रीत गाव गाठता येऊ लागल्यावर गावात कुणी राहिलंच पाहिजे, ही सक्ती उरली नाही. घराला कुलूप लावून वर्षातून तीनदा उघडणं शक्य झालं.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्यावर अलीकडे बराच वाद झाला: चाकरमानी. गणपतीला कोकणात येणाऱ्या मुंबईकराला सगळे याच नावाने ओळखतात, वर्तमानपत्रांचे मथळेही आणि एसटीच्या जादा गाड्यांच्या घोषणाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, सरकारी कागदांत यापुढे 'चाकरमानी' ऐवजी 'कोकणवासीय' म्हणावं, असे निर्देश निघाले. मागणी जुनी होती आणि तिच्यात तथ्य होतं. चाकर म्हणजे नोकर. तिसऱ्या पिढीतली मुलं डॉक्टर, वकील, उद्योजक झाली तरी त्यांना चाकर म्हणायचं, हे खटकणारच. ज्यांच्या आजोबांना खोताच्या अंगणात वेठ करावी लागली, त्यांना 'चाकर' हा शब्द नुसता विनोदाचा वाटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण काळ्या जमिनीवरच्या माणसाने केलेली. वरकस कातळावर ती उलटी होते. तिथे चाकरी म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा रोख पैसा, खोताच्या देण्यातून सुटका, बहिणीचं लग्न आणि कौलारू घर. मुंबईत चाकरीला असलेला माणूस गावात मानाचा होता. मूळ शब्दात अपमान होता की मान, हे आजच्या कानाने ठरवता येणार नाही. ज्याने त्याने आपल्या आजोबांच्या कानाने ऐकावं.

माझी हरकत नव्या शब्दावर आहे. 'चाकरमानी' या शब्दात दोन जागा होत्या. जिथे चाकरी आहे ती, आणि जिथे परत जायचं आहे ती. 'कोकणवासीय' म्हणजे कोकणात वास करणारा. पण हा माणूस कोकणात वास करत नाही, हेच तर जनगणना सांगते आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. त्या काळात माणूस जिथे नेहमीचा राहणारा म्हणून सापडला तिथे मोजला गेला. वडिलोपार्जित घर, सातबाऱ्यावर नाव, देवळात मान, अनेकांचं मतदानही गावातच. यातल्या कशालाही मोजणीत किंमत नाही. उलट आंब्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी गडी त्या दिवसांत सलग तिथेच असेल, तर नियमाप्रमाणे तो रत्नागिरीच्या लोकसंख्येत धरला जायचा आणि बागेचा मालक ठाण्याच्या. एका कागदावर ज्याला आपण कोकणवासीय म्हणतो, त्यालाच दुसऱ्या कागदावर ठाणेकर म्हणतो. दोन्ही कागद सरकारीच. शब्द बदलताना ही विसंगती मिटवण्याची संधी होती. दोन जागी राहणाऱ्या कुटुंबाची नोंद कशी घ्यायची, हा प्रश्न विचारता आला असता. तो न विचारता नाव तेवढं बदललं.

बायकांच्या बाबतीत नोंदीची गफलत आणखी खोल आहे. स्थलांतराचं कारण विचारताना जनगणनेत काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, कुटुंबाबरोबर असे पर्याय असतात. तीस वर्षं गावची शेती एकटीने कसून, ती पड टाकून, दिव्याला गेलेली बाई 'कुटुंबाबरोबर' या रकान्यात जाते. तिच्या जाण्याने एक शेत बंद झालं, हे कुठेच लिहिलं जात नाही.

मोजणी कशी होते याला महत्त्व आहे, कारण तिच्यावर वाटप चालतं. २००१ च्या आकड्यांवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००८ पासून ती लागू झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा सातावरून पाचावर आल्या, खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ नकाशावरून गेले. सिंधुदुर्गात तीन उरल्या. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ संपून रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच झाला. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याला विधानसभेच्या २४ जागा मिळाल्या. लक्षात घ्यायचं ते हे की २००१ ला या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली नव्हती, फक्त इतरांपेक्षा हळू वाढली होती. उणे चिन्ह यायच्या आधीच वजन कमी झालं होतं.

शाळांचंही तेच. पटसंख्या दहाच्या खाली गेलेल्या शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याचं धोरण २०१७ मध्ये आलं. त्यावर राज्यभर टीका झाली. कोकणात वाड्या डोंगराच्या घडीघडीत विखुरलेल्या. 'जवळची' शाळा म्हणजे मध्ये पऱ्ह्या (ओढा) आणि पावसाळ्यात तो ओलांडायला साकव (छोटा पूल). शाळा बंद झाली की वाडीतलं शेवटचं तरुण कुटुंबही निघतं.

देशात हे एकट्या कोकणाचं दुखणं नाही. त्याच जनगणनेत केरळमधले पतनमतिट्टा आणि इडुक्की, उत्तराखंडमधले पौडी गढवाल आणि अल्मोडा हे जिल्हेही घटले होते. उत्तराखंडने २०१७ मध्ये पलायनाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र यंत्रणाच उभी केली.

२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत मुंबई-ठाण्याहून मोठ्या संख्येने लोक गावी परतले. बंद घरं उघडली, शाळांच्या खोल्यांत विलगीकरण झालं, काही गावांनी वेशीवर अडवलंही. अनेक वर्षांनी पावसाळ्यात खाचरांत माणसं दिसली. पण २०२१ ची जनगणना पुढे गेली आणि त्या काळातलं येणं-जाणं मोजणीत आलंच नाही.

आता नवी जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारीत. त्या वर्षी होळीपौर्णिमा मार्चच्या चौथ्या आठवड्यात येते. म्हणजे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नाचवायला घरं उघडतील तोवर प्रगणक वाडीतून जाऊन तीन आठवडे झालेले असतील.