गिनीपिगमधील त्वचासंसर्ग

नव्याने घरी आणलेल्या गिनीपिगच्या (केव्हिया पोर्सेलस) कातडीवर पहिल्या काही आठवड्यांत उघडे पडणारे परोपजीवी, बुरशीजन्य आणि जिवाणुजन्य विकार. खरूज, उवा, गजकर्ण, तळपायांचे व्रण आणि गळवे हे त्यांतले नेहमीचे. हा संसर्ग बहुधा नव्या घरात लागत नाही. प्राणी तो अंगावर घेऊनच येतो. दाटीवाटीने ठेवलेल्या कळपात अंगाला अंग घासून तो पसरतो आणि निरोगी दिसणाऱ्या प्राण्यात गुपचूप राहतो. प्रवास, जागाबदल, खाद्यातला फरक यांच्या ताणाने प्रतिकारशक्ती खालावली की तो वर येतो. आणताना तुकतुकीत दिसलेले पिल्लू तिसऱ्या आठवड्यात खांदे खाजवून रक्त काढू लागते, ते यामुळे.

उपचारांपेक्षा ओळख अवघड आहे. केस गळणे, कोंडा आणि खाज ही तीन लक्षणे बहुतेक सर्व विकारांत कमीजास्त प्रमाणात असतात. फरक पडतो तो जागेने आणि खाजेच्या तीव्रतेने. औषध निवडताना झालेली चूक या प्राण्यात जिवावर बेतू शकते, त्यामुळे अंदाजाने मलम लावून पाहण्याची सवय इथे महागात पडते.

तपासणी : प्राणी टॉवेलवर, भरपूर उजेडात घ्यावा. केसांच्या उलट दिशेने हळू फुंकर मारली की केस दुभंगतात आणि खालची कातडी स्पष्ट दिसते. बोटांनी चाळण्यापेक्षा हे सोपे आणि प्राण्यालाही कमी त्रासाचे. नाकाच्या शेंड्यापासून सुरुवात करून डोळ्यांभोवती, कानांच्या कडा, हनुवटीखाली, खांदे, पाठ, कुशी, मांड्यांची आतली बाजू, गुदद्वाराभोवतालचा भाग आणि शेवटी चारही तळवे असा क्रम ठेवावा. पुढच्या पायांना चार आणि मागच्यांना तीन बोटे असतात. प्रत्येक नखाचे मूळ पाहावे. बारीक दातांची फणी पाठीवरून फिरवून जे पडेल ते कागदावर झटकावे. पांढरा कोंडा काळ्या कागदावर दिसतो, उवा पांढऱ्यावर. ‘कोंडा’ चालू लागला तर निदानाचा निम्मा भाग तिथेच झाला.

त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून नोंदवावे. पूर्ण वाढलेला गिनीपिग साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम भरतो. आठवड्यात ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घट झाली तर कातडी कशीही दिसो, पशुवैद्याला दाखवावे. वेदना आणि खाज यांमुळे हा प्राणी खाणे सोडतो, आणि खाणे थांबल्यावर त्याचे आतडे फार काळ तग धरत नाही.

आजार नसलेल्या खुणा : दोन्ही कानांमागे छोटा टक्कल पडलेला ठिपका असतो, तो जन्मजात आहे. पाठीच्या टोकाला, शेपटी असायला हवी तिथे, तेलग्रंथी असते. प्रौढ नरात तिथले केस चिकट आणि तपकिरी होतात. दूध तुटण्याच्या सुमारास पिल्लांचे आणि गर्भारपणाच्या शेवटी मादीचे केस विरळ होतात. केस कात्रीने कापल्यासारखे अर्धवट आणि कातडी स्वच्छ असेल, तर सोबतचा प्राणी किंवा तो स्वतः केस कुरतडत असतो. प्रौढ मादीच्या दोन्ही कुशींवर आरशातल्यासारखे सारखे टक्कल पडले आणि खाज नसली, तर बीजांडकोशातील गाठींचा संशय घ्यावा. त्यावर खरजेचे औषध देत राहणे म्हणजे वेळ घालवणे.

खरूज : ट्रिक्साकेरस केव्हिई या कातडीत बोगदे करणाऱ्या किडीमुळे होते. कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सुरुवात खांदे, पाठ, कुशी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूने होते: आधी खाज, मग केस जाणे, मग पिवळट-राखाडी जाड खपल्या, आणि शेवटी हत्तीच्या कातडीसारखी सुरकुतलेली, जाड कातडी. खाजेची तीव्रता हीच या रोगाची खूण. पाठीवर बोट टेकवताच प्राणी मागचा पाय झाडतो, गर्रकन वळून कुशीचा चावा घेऊ पाहतो, कधी किंचाळतो. रोग बळावला की खाजेचा झटका फेफऱ्यासारखा होतो: प्राणी एका अंगावर पडून पाय झाडतो. अशा वेळी त्याला धरून ठेवू नये, कारण स्पर्शानेच झटका लांबतो. आजूबाजूच्या टणक वस्तू काढून उजेड कमी करावा आणि झटका ओसरल्यावर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. मागच्या पायांची नखे बोथट कापली तर जखमा कमी होतात.

पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली कीड किंवा अंडी शोधतात. कीड खोल असल्याने ती न सापडणे अगदी सामान्य आहे; लक्षणे जुळत असतील तर नकारात्मक तपासणीनंतरही उपचार करतात, आणि ते योग्यच आहे. आयव्हरमेक्टिन साधारणतः शरीराच्या दर किलोमागे ०.२ ते ०.४ मिग्रॅ. या मात्रेत, कातडीखाली टोचून, ७ ते १४ दिवसांच्या अंतराने देतात. औषध अंड्यांवर चालत नाही. अंड्यांतून निघालेली नवी पिढी मारण्यासाठी पुढची मात्रा लागते. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली म्हणून उपचार सोडणे हे रोग परतण्याचे सर्वांत नेहमीचे कारण. मानेवर थेंब सोडायचे सेलामेक्टिन हा दुसरा पर्याय.

मात्रेची चूक कशी होते हे एका हिशेबावरून कळेल. गुराढोरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का आयव्हरमेक्टिनमध्ये दर मिलि.ला १० मिग्रॅ. औषध असते. ८०० ग्रॅमच्या प्राण्याला ०.४ मिग्रॅ. प्रति किलो या दराने ०.३२ मिग्रॅ., म्हणजे केवळ ०.०३२ मिलि. द्रव लागतो. तो एका थेंबाएवढाही भरत नाही. साध्या सिरिंजवर तो मोजताच येत नाही आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की दहापट मात्रा जाते. घरी अंदाजाने आयव्हरमेक्टिन देऊ नये ते यासाठी. सोबत राहिलेल्या सर्व गिनीपिगना, लक्षणे असोत वा नसोत, एकाच वेळी औषध द्यावे लागते.

उवा आणि केसांतली कीड : ग्लिरिकोला पोर्सेली आणि जायरोपस ओव्हॅलिस या चावऱ्या उवा पिवळट, लांबुडक्या असतात आणि केस दुभंगल्यावर पळताना दिसतात, लिखा केसांना चिकटलेल्या असतात आणि झटकून पडत नाहीत. किरोडिस्कॉइडिस केव्हिई ही कीड केसाच्या दांडीला धरून राहते, पाठीच्या मागच्या भागावर धूळ बसल्यासारखी दिसते आणि थोडक्या संख्येत काहीच त्रास देत नाही. दोन्हींवर खरजेचीच औषधे चालतात. अंगावर भरमसाट उवा झाल्या असतील, तर हा प्राणी स्वतःचे अंग का साफ करत नाही हे शोधावे: दातांचे दुखणे, अशक्तपणा किंवा सांधेदुखी असू शकते.

गजकर्ण : ‘रिंगवर्म’ या इंग्रजी नावात किड्याचा भास होत असला तरी ही बुरशी, गिनीपिगमध्ये बहुधा ट्रायकोफायटॉन गटातली. तिची आवडती जागा चेहरा. नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांभोवती, कपाळावर आणि कानांवर गोलसर, कोंडा सुटलेले, कडेला लालसर चट्टे पडतात. तिथले केस तुटके असतात आणि हलक्या हाताने ओढले तर मुळाशी कोंड्यासकट निघतात. पुढे चट्टे पाठीवर उतरतात. खाज सहसा थोडी किंवा अजिबात नसते. वरवर पाहता खरूज आणि गजकर्ण यांतला घरी करता येण्याजोगा भेद एवढाच: चेहरा आणि शांत प्राणी असेल तर बुरशी, धड आणि बेभान खाज असेल तर खरूज. दोन्ही एकत्र असणेही दुर्मीळ नाही.

अतिनील किरणांच्या दिव्याने काही बुरशी हिरवट चमकतात, पण ट्रायकोफायटॉन चमकत नाही. दिव्याखाली काही दिसले नाही म्हणून गजकर्ण नाही असे समजू नये. खात्रीसाठी चट्ट्याच्या कडेचे केस आणि कोंडा घेऊन बुरशी वाढवून पाहतात. निकालाला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

एखाददुसऱ्या चट्ट्यावर क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचे मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे थोडे जाईल असे, पातळ थरात चोळावे. जाड थर प्राणी चाटतो. स्टिरॉइड मिसळलेले ‘तिहेरी’ मलम वापरू नये: लाली दोन दिवसांत ओसरते, बुरशी मात्र आतून पसरते. चट्टे अनेक असतील तर पशुवैद्य ०.२ टक्के एनिलकोनॅझोलने अंग ओले करायला सांगतात किंवा इट्राकोनॅझोल तोंडावाटे देतात. उपचार आठवड्यांवर चालतात. केस परत उगवणे हा बरे झाल्याचा पुरावा नव्हे. पुन्हा केलेल्या तपासणीत बुरशी न वाढणे हा पुरावा. ग्रिसिओफुल्व्हिन हे जुने औषध गाभण मादीला कधीच देत नाहीत, कारण ते गर्भाला अपाय करते. नव्याने आणलेली मादी गाभण नाही हे गृहीत धरू नये.

जिवाणुसंसर्ग : बहुतेक वेळा हा दुय्यम असतो, खाजवलेल्या, चावलेल्या किंवा मुतात भिजलेल्या कातडीत स्टॅफिलोकॉकस शिरतो. स्वतंत्रपणे दिसणारे प्रकार दोन. पहिला तळपायांचा: जाळीचा तळ, ओले अंथरूण किंवा जादा वजन यांमुळे तळवा आधी लाल आणि केसहीन, मग सुजलेला, मग खपलीखाली पू असलेला होतो. लाल असतानाच मऊ, कोरडे अंथरूण घातले तर बहुधा तेवढ्यावर भागते. व्रण पडला की पातळ केलेल्या क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने धुणे, पट्टी, वेदनाशामक आणि प्रतिजैविक असे महिनोन्‌महिने चालते, आणि संसर्ग हाडात गेला की बरे होण्याची आशा कमी. दुसरा प्रकार जबड्याखालची गाठ. बऱ्याचदा स्ट्रेप्टोकॉकसमुळे लसिकाग्रंथीत घट्ट पू साठतो. हा पू दाबून वाहत नाही. घरी फोडायला गेल्यास तो आतच पसरतो. अशी गाठ शस्त्रक्रियेने काढतात किंवा उघडी ठेवून रोज धुतात.

प्रतिजैविकांचा धोका : पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिन, विशेषतः तोंडावाटे, गिनीपिगला देऊ नयेत. ती आतड्यातले उपकारक जिवाणू मारतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू वाढतो आणि त्याच्या विषाने प्राणी काही दिवसांत जुलाब होऊन किंवा जुलाबाआधीच दगावतो. कुत्र्यामांजरांना रोज दिली जाणारी ही औषधे असल्याने चूक सहज घडते. चाटता येईल अशा जागी लावलेले प्रतिजैविक मलमही निर्धोक नाही. त्यांच्याऐवजी एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा वापरतात. पिसवा-गोचिडांवरचे फिप्रोनिलचे थेंब आणि कुत्र्यांची पर्मेथ्रिनयुक्त औषधे लावू नयेत. टी ट्री तेलही नाही, ते कातडीतून शोषले जाते आणि विषारी ठरते.

क जीवनसत्त्व : माणसाप्रमाणे गिनीपिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही. कमतरता झाली की केस राठ होतात, जखमा भरत नाहीत आणि कोणताही संसर्ग चिवट होतो. निरोगी प्राण्याला दर किलोमागे रोज १० ते ३० मिग्रॅ. लागते, आजारात त्याहून जास्त. पाण्यात घातलेले जीवनसत्त्व उजेडाने आणि हवेने काही तासांत निकामी होते. ते थेट तोंडात द्यावे किंवा ढोबळी मिरचीसारख्या ताज्या भाजीतून. गोळीखाद्यातले प्रमाणही साठवणीत घटत जाते.

विलगीकरण आणि स्वच्छता : नवा प्राणी दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा, शेजारच्या पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे विलगीकरण नव्हे. रोज आधी जुन्या प्राण्यांचे, मग नव्याचे काम करावे. उपचार चालू असताना अंथरूण रोज बदलावे, कापडी चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून लाकडी घरटी आणि चघळायच्या काटक्या टाकून द्याव्यात. लाकूड निर्जंतुक होत नाही. प्लास्टिकचा तळ आधी साबणाने धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच व दहा भाग पाणी या मिश्रणाने दहा मिनिटे ओला ठेवून, खळखळून धुऊन वाळवावा. मुताचे पांढरे थर काढायला व्हिनेगर वापरले असेल तर ते पूर्ण धुऊन गेल्याशिवाय ब्लीच ओतू नये, क्लोरीन वायू सुटतो.

माणसाला लागण : उवा माणसावर जगत नाहीत. खरजेची कीड हातांवर, पोटावर खाजरे पुरळ उठवते, पण माणसावर वंश वाढवू शकत नाही. प्राण्यावर उपचार झाले की पुरळ जाते. गजकर्ण मात्र खरोखर लागते, आणि मुलांना जास्त, कारण ती प्राणी गालाशी धरतात. चट्टे असेतो हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत. घरातल्या कुणाच्या मानेवर किंवा मनगटावर लाल, गोल चट्टा उठला तर डॉक्टरांना घरात गिनीपिग आहे हे आधी सांगावे. या बुरशीचा चट्टा कधीकधी इतका सुजतो की तो गळू समजला जातो.