खिडकीची जागा कोण ठरवतं?

घरी मोठा मॉनिटर जोडून काम केलं, लॅपटॉप उचलून ऑफिसला नेला, तिथे तेच सॉफ्टवेअर उघडलं. टास्कबारवर आयकॉन दिसतो, पण विंडो पडद्यावर कुठेच नाही! विंडोज वापरणाऱ्या अनेकांना हा लपंडाव ओळखीचा असेल. (उपाय सोपा आहे: त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर क्लिक करून आल्ट आणि स्पेस एकत्र दाबायचं, मग एम, मग कुठलाही एक बाण. आता माउस हलवला की विंडो त्याच्यामागे येते.)

इथे सॉफ्टवेअर जरा जास्तच आज्ञाधारक वागलेलं असतं. बंद होताना त्याने विंडोच्या कोपऱ्याचे आकडे टिपून ठेवले, समजा डावीकडून 2400 पिक्सेल. दुसरा मॉनिटर होता तोवर त्या आकड्याला अर्थ होता. 1920 पिक्सेल रुंदीच्या एकट्या पडद्यावर 2400 ही जागाच नाही. याहून मजेशीर प्रकार मिनिमाइझचा. मिनिमाइझ केलेली विंडो विंडोज उणे 32000, उणे 32000 अशा जागी नेऊन ठेवतं. ती तशीच असताना प्रोग्राम बंद झाला आणि प्रोग्रामरने डोळे झाकून जागा सेव्ह केली, तर पुढच्या वेळी विंडो गायब. मग कोणीतरी दुरुस्ती करतं: आकडा उणे असेल तर शून्य धरा. पण ज्यांचा दुसरा मॉनिटर डावीकडे असतो, त्यांच्यासाठी उणे आकडे अगदी रास्त असतात. त्यांची विंडो आता रोज उजवीकडे पळते.

माझ्या मते मूळ घोळ आकडा आणि इच्छा यांची गल्लत करण्यात आहे. वापरणाऱ्याला काय हवं होतं आणि त्या क्षणी पडद्यावर काय जमलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक गणितात मांडता येतो. पडद्यावरच्या आकृत्यांना अटी घालायच्या आणि त्या पाळत चित्र कसं काढायचं ते संगणकाने ठरवायचं, ही कल्पना इव्हान सदरलंडने एमआयटीमध्ये 1963 साली स्केचपॅड या प्रोग्राममध्ये दाखवली होती. 1990च्या दशकात अ‍ॅलन बॉर्निंग आणि सहकाऱ्यांनी अशा अटी झटपट सोडवणारी कॅसोवरी नावाची पद्धत तयार केली. कॅसोवरी हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, उडू न शकणारा मोठा पक्षी. पद्धतीचा पाया मात्र गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगच्या 1947 सालच्या सिम्प्लेक्स रीतीचा, म्हणजे अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर शोधण्याच्या रीतीचा. 2011 मध्ये अ‍ॅपलने मॅकवर आणलेली, विंडोतली मांडणी आपोआप ठरवणारी ऑटो लेआउट व्यवस्था याच कॅसोवरीवर उभी आहे.

तिची खुबी अशी की सगळ्या अटी सारख्या वजनाच्या नसतात. काही सक्तीच्या, बाकीच्या जमल्यास पाळायच्या. समजा ईमेलच्या प्रोग्राममध्ये डावीकडे फोल्डरांची यादी आहे आणि उजवीकडे मजकूर. मजकुराला किमान 400 पिक्सेल हवेतच, ही सक्ती. यादी 250 पिक्सेलची असावी, ही तुमची आवड. विंडो 1000 पिक्सेलची असेल तर दोघांचंही भागतं. ती 600 वर आणली की यादीला 200 वर समाधान मानावं लागतं. पण 250 ची अट रद्द झालेली नसते, फक्त हरलेली असते. विंडो पुन्हा मोठी करा, यादी आपणहून 250 वर येते. अनेक प्रोग्राम नेमके इथेच फसतात: बंद होताना ते 200 सेव्ह करतात आणि तुमची आवड कायमची पुसून टाकतात. तुम्ही स्वतः दुभाजक (यादी आणि मजकूर यांच्यामधली रेघ) ओढलात तरच नवा आकडा आवड म्हणून नोंदवायला हवा.

अ‍ॅपलने ही वजनं चक्क आकड्यांत दिली आहेत. सक्तीची अट 1000. विंडोने आहे तो आकार टिकवावा, हिला 500. दुभाजक ओढण्याला 490, म्हणून तो कितीही ओढला तरी विंडो फुगत नाही. विंडोचा आकार बदलू शकेल अशा ओढण्याला 510. दहा-दहाच्या फरकात कोणाचं ऐकायचं ते ठरतं! दोन सक्तीच्या अटीच भांडल्या तर व्यवस्था त्यातली एक मोडते आणि प्रोग्रामरला तसा निरोप देते.

गणिताला मर्यादाही आहेत. कॅसोवरी सरळ रेषेची समीकरणं सोडवते, पण मजकूर अरुंद जागेत मोडून दोन ओळींचा झाला की उंची एकदम उडी मारते. ते मोजमाप वेगळं करून द्यावं लागतं. देवनागरीत तर वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजी अक्षरांपुरती उंची ठरवून टाकली, तर बटणावरचे उकारच कापले जातात.

हरवलेल्या विंडोबाबत विंडोज 11 ने थोडी जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. मॉनिटर काढून पुन्हा जोडला की उघड्या विंडो आपापल्या जागी परत जाव्यात, अशी सोय सेटिंग्जमध्ये आहे. पण प्रोग्राम बंद करून नव्याने उघडला, तर सेव्ह केलेली जागा आत्ताच्या एखाद्या पडद्यावर येते का, हे त्याच्या प्रोग्रामरलाच तपासावं लागतं.