लोणारसारखं पाणी, शनीच्या चंद्रावर

पृथ्वीबाहेर जीव कुठे असतील, असा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव मंगळाचं येतं. नागपुरात रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणातून बाहेर पडणारी मुलंही मंगळाबद्दलच विचारतात. माझं मत वेगळं आहे. या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी आपल्या विदर्भातल्या लोणारकडे नीट पाहावं आणि मग थेट शनीकडे वळावं.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेलं विवर आहे. त्याचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. तळाशी साचलेलं पाणी खारट आहेच, शिवाय कमालीचं अल्कधर्मी आहे. त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो. त्यात मिठाबरोबर धुण्याचा सोडा विरघळलेला आहे, आणि एके काळी हा सोडा काढून विकला जायचा. बोटं बुडवली की पाणी बुळबुळीत लागतं, काठावर गंधकाचा उग्र दर्प येतो. असल्या पाण्यात काही जगत असेल असं कुणाला वाटणार नाही. पण तेच पाणी एरवी हिरवंगार दिसतं ते स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांमुळे. जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी झालं, तेव्हा वनविभागाने त्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकर संस्थेच्या तपासणीत कारण सापडलं. पाणी आटून क्षार वाढले होते आणि मिठातच फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले होते. गुलाबी रंग त्यांच्याच अंगचा. नमुना हलवल्याशिवाय ठेवला की ते तळाशी बसायचे आणि वरचं पाणी नितळ व्हायचं.

म्हणजे ‘राहण्याजोगी जागा’ म्हणताना आपण आपल्या सोयीचा विचार करतो, तो सोडून द्यायला हवा. सूक्ष्मजीवांना लागतं ते द्रवरूप पाणी, कार्बन-नायट्रोजन-फॉस्फरससारखी मूलद्रव्यं आणि ऊर्जा. ही ऊर्जा सूर्याकडूनच यावी असंही नाही. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे सापडले, आणि त्या मिट्ट काळोखात खडकातून येणाऱ्या रसायनांवर पोसलेली अख्खी जीवसृष्टी दिसली. त्या दिवसापासून सूर्यापासून फार दूर असलेले, बर्फाने झाकलेले चंद्रही विचारात घ्यावे लागले.

त्यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा चंद्र म्हणजे शनीचा एन्सेलाडस. त्याचा व्यास जेमतेम ५०० किलोमीटर, म्हणजे नागपूरहून हैदराबादला जायला जेवढा रस्ता लागतो तेवढा. पृष्ठभागाचं तापमान उणे २०० अंशांच्या आसपास. एवढा लहान गोळा केव्हाच आतपर्यंत गोठून गेला असेल, अशीच अपेक्षा होती. पण २००५ मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फातल्या लांबलचक भेगा दिसल्या आणि त्या भेगांमधून बाष्पाचे आणि बर्फकणांचे फवारे अवकाशात उडताना दिसले. शनीभोवती फिरताना एन्सेलाडसवरचा ओढा सतत कमी-जास्त होतो. त्यामुळे त्याचा गाभा ताणला-दाबला जातो, घर्षणाने तापतो आणि बर्फाखालचा समुद्र गोठत नाही.

खोल समुद्रातलं पाणी तपासायला एरवी किलोमीटरच्या किलोमीटर बर्फ खणावा लागला असता. इथे समुद्र आपणहून नमुने बाहेर टाकतोय. ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅसिनी पृष्ठभागापासून अवघ्या ४९ किलोमीटरवरून या फवाऱ्यातून गेलं. निरनिराळ्या फेऱ्यांत मिळून जे हाती लागलं ते थक्क करणारं आहे. मीठ मिळालं, आणि सोडाही. या समुद्राचा सामू वेगवेगळ्या अंदाजांनुसार ८.५ ते ११ च्या दरम्यान येतो, म्हणजे लोणारच्या पंक्तीतला. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिळाले, जे तयार व्हायला ९० अंशांच्या वर तापलेलं पाणी खडकाला भिडावं लागतं. २०१७ मध्ये हायड्रोजन सापडल्याचं जाहीर झालं. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन बनवून जगणारे सूक्ष्मजीव पृथ्वीवर आजही आहेत. २०२३ मध्ये जुन्याच नोंदी तपासताना फॉस्फेटही सापडलं. डीएनए फॉस्फरसशिवाय बनत नाही, म्हणून तो तिथे आहे की नाही, ही शंका बरेच दिवस सतावत होती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एवढा हायड्रोजन शिल्लक राहतो, याचा अर्थ तो खाणारं तिथे कुणी नाही, असाही लावता येतो. शिवाय हा समुद्र किती जुना आहे यावर वाद आहे. समुद्र नवा असेल, तर जीव उपजायला वेळच मिळाला नसेल.

गुरूच्या युरोपा या चंद्राला ही अडचण कमी. तो आपल्या चंद्राहून थोडा लहान, पण बर्फाखालचा त्याचा समुद्र पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या मिळून दुप्पट असावा असा अंदाज आहे. गच्चीवरून साध्या दुर्बिणीतूनही युरोपा गुरूशेजारी ठिपक्यासारखा दिसतो. दिवाळीनंतर नागपूरचं आकाश निवळलं आणि गुरू वर असला, तर जरूर पाहा. नासाचं युरोपा क्लिपर ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय आणि २०३० मध्ये पोचेल. मात्र ते जीव शोधायला चाललेलं नाही, तिथे जीव जगू शकतील का एवढंच ते पाहणार आहे.

शुक्राच्या ढगांवर माझा फारसा विश्वास नाही, तिथे पाणीच नगण्य आणि आम्ल भयंकर. शनीच्याच टायटन या चंद्रावर मिथेनची तळी आहेत, पण उणे १७९ अंशांत रसायनं फार सावकाश चालतात. मंगळाचं तसं नाही. जेझेरो विवरात पूर्वी सरोवर होतं आणि नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीला २०२४ मध्ये तिथे सापडलेल्या एका खडकावरचे ठिपके पृथ्वीवर सहसा सूक्ष्मजीवांच्या कामातून होतात तसे आहेत. निर्जीव रसायनांनीही ते होऊ शकतात, म्हणून निकाल लागलेला नाही.

पण मंगळावर उद्या जीव सापडले, तरी एक पेच उरेलच. मंगळ आणि पृथ्वी यांच्यात दगडांची ये-जा होत आली आहे. १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेली उल्का मंगळावरचीच होती. मग तिथले जीव आपलेच चुलत भाऊबंद कशावरून नसतील? शनीपर्यंत असा दगड पोचणं फार अवघड. तिथे काही सापडलं, तर जीव दोनदा स्वतंत्रपणे उपजला असं जवळजवळ ठरेल. आणि एकाच सूर्यमालेत दोनदा, तर विश्वात किती ठिकाणी! युरोपीय अवकाश संस्था एन्सेलाडसच्या मोहिमेचा विचार गंभीरपणे करतेय, पण ते यान २०४० च्या दशकात निघेल.

त्या यानाने काय मोजावं हे आजच सांगता येतं. अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनांच्या विटांचे, रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांची प्रतिबिंबं असलेल्या दोन घडणींचे असतात. निर्जीव रसायनातून दोन्ही साधारण सारखेच बनतात. पृथ्वीवरचे सगळे जीव प्रथिनांसाठी डावेच वापरतात. फवाऱ्यात दोन्ही समसमान निघाले, तर हाती काहीच लागणार नाही. डावे जास्त निघाले, तर वाद पेटेल, कारण काही उल्कांमध्येही डावे थोडे जास्त मिळालेत आणि यानासोबत पृथ्वीचेच जंतू गेले असतील अशीही शंका येईल. उजवेच निघाले, तर मात्र त्यांचं पृथ्वीशी नातं जोडणं फार कठीण जाईल.