बिस्मार्क पामला पाणी केव्हा आणि किती द्यावे

आमच्या रोपवाटिकेतून बिस्मार्क पाम नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकास हे पत्रक रोपासोबत दिले जाते. हे झाड कमी पाण्यावर येते असे आम्ही विक्रीच्या वेळी सांगतो आणि ते खरेही आहे. मात्र ते मुळे खोल गेलेल्या, जमिनीत स्थिरावलेल्या झाडाबाबत खरे आहे. नव्याने लावलेल्या रोपाची मुळे पहिले काही महिने पिशवीतल्या मातीच्या गोळ्यापलीकडे फारशी गेलेली नसतात, आणि तेवढा गोळा मार्च-एप्रिलच्या उन्हात काही दिवसांतच कोरडा पडतो.

बिस्मार्क पाम मूळचा मादागास्कर बेटाच्या पश्चिम आणि उत्तर भागांतील गवताळ माळरानांचा. पहिले जर्मन चॅन्सेलर ओटो फॉन बिस्मार्क यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. तेथेही आपल्यासारखेच पावसाळा आणि त्यानंतरचे कोरडे महिने असे चक्र असते, परंतु एक फरक आहे. पश्चिम मादागास्करमध्ये पाऊस उन्हाळ्यातच पडतो आणि कोरडा काळ बहुतांशी तेथील थंडीच्या महिन्यांत येतो. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र सर्वांत कडक ऊन पावसाच्या अगोदर, म्हणजे जमिनीतील ओल संपत आलेली असताना पडते. म्हणूनच मुळात काटक असलेल्या या झाडालाही आपल्याकडे उन्हाळ्यात हात द्यावा लागतो.

लागवडीच्या वेळी पिशवी कापून काढावी, मातीचा गोळा अजिबात फोडू नये आणि मुळे मोकळी करण्याचा प्रयत्न करू नये. या पामला मुळांना झालेली इजा सहन होत नाही. कोवळ्या वयात मुळे तुटलेले रोप बहुधा दगावते. त्यामुळे जागा एकदाच विचारपूर्वक ठरवावी, कारण दोन वर्षांनी ते उपटून दुसरीकडे लावता येईल अशी आशा आम्ही कोणालाही देत नाही. जागा ठरवताना पूर्ण वाढलेले एकेक पान तीन मीटरपर्यंत रुंद होऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत, पठारावरील मध्यम जमिनीत आठवड्यातून दोन वेळा प्रत्येकी २० ते २५ लिटर पाणी द्यावे. ठिबक असेल तर ताशी चार लिटरचे चार ड्रिपर बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बाजूंना ठेवून दीड तास चालवल्यास २४ लिटर पाणी मिळते. रोज पाच-सात लिटरचा शिडकावा करण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच चांगली आहे, कारण थोडे थोडे पाणी वरच्या थरातच राहते आणि मुळेही तेथेच घुटमळतात. जमीन मुरमाड असल्यास आठवड्यातून तिसरे पाणी द्यावे. भारी काळ्या जमिनीत एकच पुरेल. शंका असल्यास बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबून पाहावी. तिचा लाडू होत असेल तर पाणी देऊ नये. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर असते पण चिखल नसतो, ती स्थिती या झाडाला सर्वांत मानवते.

तिसऱ्या वर्षापासून ड्रिपर बुंध्यापासून एक ते दीड मीटर बाहेर सरकवून त्यांची संख्या आठ करावी आणि उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा दोन तास पाणी द्यावे. आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरल्यास पाळी आणखी लांबवता येते, मात्र हे आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नये.

पावसाळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण आमच्या पाहण्यात या पामचे नुकसान उन्हापेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक होते. काळ्या जमिनीत तीन फूट खोल खड्डा खणून त्यात मुरूम आणि पोयटा भरला, की आजूबाजूच्या चिकण मातीतून पाणी बाहेर पडत नाही आणि तो खड्डा हौदासारखा भरून राहतो. वरून जमीन कोरडी दिसत असतानाही खाली मुळे कुजत असतात. अशा जमिनीत आम्ही खड्ड्याऐवजी सभोवतालच्या पातळीपेक्षा फूट-दीड फूट उंच, रुंद उंचवट्यावर लागवड करण्यास सांगतो. रोप मात्र पिशवीत जितके खोल होते तितकेच ठेवावे. उन्हाळ्यात केलेले आळे पाऊस सुरू होण्याआधी मोडून माती बुंध्याकडून बाहेर उतरती करावी आणि ठिबक बंद करावे. कोकणातील जांभ्या जमिनीत निचरा सहसा चांगला असतो, पण कातळात फोडलेल्या खड्ड्यात पाणी अडते, तेथे खड्ड्याला उताराच्या बाजूने वाट काढून द्यावी.

पामला वाढीचा एकच कोंब असतो. तो कुजला तर झाड बाजूने फुटत नाही, ते संपते. म्हणून पावसाळ्यात मधले न उमललेले सुईसारखे पान दर आठवड्यास पाहावे. ते पिवळे किंवा तपकिरी पडले असेल आणि हलके ओढताच हातात येत असेल तर कोंबकूज झाली आहे असे समजावे आणि आमच्याशी त्याच दिवशी संपर्क साधावा.

पावसाने मोठी उघडीप दिली तर दोन वर्षांखालील रोपांना एखादे पाणी द्यावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाऊस गेला म्हणून लगेच उन्हाळ्याइतके पाणी सुरू करण्याची गरज नसते. मुठीची चाचणी करून मगच ठिबक चालू करावे. थंडीत या पामची वाढ मंदावते, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी लहान रोपांना दहा-पंधरा दिवसांतून एकदा आणि मोठ्या झाडांना महिन्यातून एकदा पाणी पुरते. निफाडकडील कडाक्याच्या थंडीतही या पामच्या चंदेरी पानांच्या जातीस सहसा अपाय होत नाही.

हिरवळीच्या मधोमध लावलेल्या पामची गोष्ट वेगळी आहे. हिरवळीला रोज पाणी लागते आणि या झाडाला ते नको असते. दोघांची सोय एकाच तुषार सिंचनावर करू नये. बुंध्याभोवती निदान मीटरभर त्रिज्येचा भाग हिरवळीविना ठेवावा. शिवाय बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार पानांवर पडून पांढरे डाग उठतात. पानांचा चंदेरी रंग त्यांच्यावरील मेणचट थरामुळे असतो आणि तो एकदा गेला की त्या पानावर परत येत नाही. त्यामुळे डाग पुसण्यासाठी पाने कापडाने घासू नयेत, साबण तर मुळीच लावू नये.

कुंडीतील रोपाला मात्र हे वेळापत्रक लागू होत नाही. कुंडीची वरची दोन इंच माती सुकली की खालच्या छिद्रातून पाणी निथळेपर्यंत द्यावे आणि तळाच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. कुंडीत हे झाड तीन-चार वर्षांहून अधिक ठेवू नये, असे आमचे मत आहे.

सर्वांत जुनी, खालची एक-दोन पाने वर्षाकाठी वाळणे स्वाभाविक आहे. जुन्या पानांची टोके एकामागून एक करपत असतील तर पाणी वाढवण्याआधी पालाशची (पोटॅशची) कमतरता तपासावी. पाणी कमी झाले काय किंवा जास्त झाले काय, दोन्हींत पाने मरगळलेलीच दिसतात, म्हणून पानांकडे पाहून नळ सोडण्यापूर्वी माती उकरून पाहावी. सल्ल्यासाठी छायाचित्रे पाठवताना मधली सुई, सर्वांत खालचे पान आणि उकरलेली माती अशी तिन्ही स्वतंत्रपणे काढून पाठवावीत, तसेच शेवटचे पाणी केव्हा आणि किती दिले होते तेही कळवावे.