पर्लमधले रोल आणि मेथड-मॉडिफायर : पार्श्वभूमी

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला बाजार समितीतल्या हिशेबाचा प्रोग्राम घ्या. वणी-हिंगणघाटकडे कापूस गाडीत मोकळा येतो आणि ओलावा ८ टक्क्यांवर गेला की १२ टक्क्यांपर्यंत दर घटत जातो. सोयाबीन पोत्यात येते, म्हणून तिथे बारदान्याचे वजन कापायचे आणि ओलाव्याचेही. दोन्ही कामे दोन वेगळ्या क्लासमध्ये (क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूचा साचा) ‘कपात’ याच नावाच्या मेथडने, म्हणजे क्लासच्या नाव दिलेल्या कामाने, लिहिली आणि सोयाबीनला ते दोन्ही पूर्वज-क्लास (ज्यांच्या मेथड वारशाने मिळतात) दिले, तर पर्ल ५ यादीतला डावीकडचा निवडते. दुसरी कपात चालतच नाही आणि तक्रारही येत नाही. १९९६ मध्ये डिलन या प्रोग्रामिंग भाषेसाठी मांडलेला, पूर्वजांमध्ये मेथड शोधण्याचा सी३ हा क्रम पर्लमध्ये ५.१० पासून (२००७) वापरता येतो. त्याने शोधाचा क्रम सुसंगत झाला, पण पहिल्याचाच विजय कायम राहिला.

खरे उत्तर २००३ मध्ये आले. शेर्ली, ड्यूकास, निअरस्ट्राझ आणि ब्लॅक या संशोधकांनी स्मॉलटॉक भाषेसाठी ‘ट्रेट’ मांडले: वर्तनाचे असे गठ्ठे, ज्यांत क्रमाला महत्त्व नाही आणि एकाच नावाच्या दोन मेथड आल्या तर निर्णय क्लासनेच घ्यायचा. पर्ल ६ च्या (आजची राकू भाषा) आराखड्यात २००४ मध्ये तेच ‘रोल’ झाले आणि स्टेवन लिटल यांच्या मूस या क्लास लिहिण्याच्या लायब्ररीमुळे २००६ पासून पर्ल ५ मध्ये रुळले.

दोन्ही कपाती रोल म्हणून लिहा आणि मूसमध्ये ते दोन्ही रोल एकाच ‘विथ’मध्ये (क्लासला रोल जोडणारी ओळ) द्या. टक्कर असेल तर क्लास उभा राहतानाच चूक दिसते. मग सोयाबीनच्या क्लासमध्ये स्वतःची ‘कपात’ लिहावी लागते. दोन वेगळे ‘विथ’ लिहिले तर पहिल्या रोलची मेथड क्लासची झालेली असते आणि दुसऱ्याची गुपचूप गळते, म्हणजे जुनाच घोळ परत. रोलने ‘रिक्वायर्स’ने (ही मेथड क्लासकडे हवीच, अशी अट) मागितलेली मेथड ‘हॅज’मधून (क्लासचा गुणधर्म जाहीर करणारी ओळ) येणार असेल, तर ‘विथ’ त्याच्या खाली ठेवा.

‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अराउंड’ हे मेथड-मॉडिफायर, म्हणजे मेथडच्या आधी, नंतर किंवा तिच्याभोवती चालणारा कोड, मात्र रोलपेक्षा जुने. लिस्प भाषेसाठी बनवलेल्या यंत्रांवरच्या फ्लेवर्स या ऑब्जेक्ट-पद्धतीत आधी-नंतर चालणाऱ्या मेथड होत्या आणि ‘अराउंड’ हे नाव कॉमन लिस्पच्या क्लॉस या ऑब्जेक्ट-पद्धतीतही आहे. रोलने हटवलेला क्रम इथे पुन्हा शिरतो, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नंतर लिहिलेला ‘अराउंड’ बाहेरचा असतो. समजा दर ७००० आहे, एक आवरण (म्हणजे ‘अराउंड’) २ टक्के घटवते आणि दुसरे ५० रुपये. आधी टक्केवारी लागली तर ६८१० येतात, आधी ५० वजा झाले तर ६८११. प्रत्येक क्विंटलला रुपयाचा फरक, आणि चूक कुठेच दिसत नाही. म्हणून दराची सगळी आवरणे एकाच रोलमध्ये ठेवावीत. ‘अराउंड’ने मूळ मेथड स्वतः बोलावून तिचे उत्तर परत द्यायचे असते, ते राहिले की पावतीवर रिकामा किंवा भलताच दर छापला जातो. ‘बिफोर’ने परत दिलेले मूल्य टाकून दिले जाते, त्यामुळे दर बदलायला ते निरुपयोगी, नोंदवहीत लिहायला ‘आफ्टर’ पुरे.

पर्ल ५.३८ मध्ये (२०२३) ‘क्लास’ भाषेतच आला, पण त्यात रोल नाहीत. त्यामुळे रोल हवे असतील तर मूस किंवा मू (मूसची हलकी धाकटी बहीण) अशी लायब्ररी लागते. तालुक्याच्या जुन्या संगणकावर मू घ्यावे, ते लवकर सुरू होते.