पेशी मोजताय, पण अस्तराचं काय?

पावसाळा सरत आला की मिरजेतल्या दवाखान्यांबाहेर एकच चौकशी कानावर येते, "पेशी किती आल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट. आकडा लाखाखाली गेला की पाहुणेमंडळी किवी, ड्रॅगन फ्रूट घेऊन हजर. कुणी पपईच्या पानांचा रसच काढून आणतं. डेंग्यूतली ही रीत आता मलेरियालाही लागू झाली आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र मलेरियाचे जे निकष ठरवलेत (शुद्ध हरपणं, झटके, मूत्रपिंड निकामी होणं, साखर घसरणं, रक्तात आम्ल साचणं वगैरे) त्यांत प्लेटलेटचा आकडा नाहीच. साध्या मलेरियातही प्लेटलेट उतरतात आणि औषध लागू पडलं की आपोआप चढतात. रस प्यायलेल्याच्याही चढतात, आणि नाव रसाचं होतं!

खरी पडझड होते ती रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची. म्हैसाळ योजनेच्या कालव्याला आतून काँक्रीट असतं, ते तडकलं की पाणी नको तिथे झिरपतं, तसंच हे. फक्त हे अस्तर जिवंत आहे, एका पेशीच्या जाडीचं, आणि त्याला एंडोथेलियम म्हणतात.

मलेरियाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत 48 तासांत वाढतो. पहिला निम्मा काळ तो अंगठीसारखा दिसतो आणि रक्ताबरोबर फिरतो. मोठा झाला की पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उगवतात. त्यांवरच्या पीएफ-ईएमपी-1 या प्रथिनाने ती पेशी केशवाहिनीच्या अस्तराला चिकटते. बिघडलेल्या पेशी गाळणाऱ्या प्लीहेत जाऊन मरण्यापेक्षा हे बरं! त्यामुळे बोट टोचून काढलेल्या थेंबात बहुतेक कोवळ्या अंगठ्याच दिसतात. जून परजीवी मेंदूच्या केशवाहिन्यांत दडून असतात, आणि काचपट्टीवरची मोजणी फसवी ठरते.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. अस्तराच्या पेशींत लांबट पिशव्या असतात. वायबेल आणि पॅलाडे यांनी 1964 मध्ये त्यांचं वर्णन केलं. पिशव्यांत दोन प्रथिनं भरून ठेवलेली असतात, अँजिओपोएटिन-2 आणि व्हॉन विलब्रँड फॅक्टर. निरोगी माणसात अँजिओपोएटिन-1 हे भावंड अस्तरावरच्या टाय-2 या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसून पेशींचे सांधे घट्ट ठेवतं, आणि नायट्रिक ऑक्साइड हा वायू पिशव्यांची तोंडं बंद राखतो. मलेरियात तांबड्या पेशी फुटतात, मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं, पिशव्या उघडतात. बाहेर पडलेलं अँजिओपोएटिन-2 टाय-2 वरची भावाची जागा बळकावतं. सांधे सैल होतात, अस्तरावर आयसीएएम-1 सारखी चिकट प्रथिनं वाढतात, परजीवींना आणखी जागा मिळते. फेरा सुरूच.

पिशव्यांतलं दुसरं प्रथिन, व्हॉन विलब्रँड फॅक्टर, लांबलचक दोऱ्यांसारखं अस्तरावर लोंबकळतं. ते तोडणारं एडीएएमटीएस-13 हे विकर तीव्र मलेरियात कमी पडतं, आणि दोऱ्यांना प्लेटलेट अडकत जातात. म्हणजे 'गेलेल्या' पेशींतल्या काही तिथे, भिंतीला चिकटलेल्या असतात. किवी खाऊन त्या कशा सुटणार?

यातली अँजिओपोएटिनं रक्तात मोजता येतात. आफ्रिकेतल्या लहान मुलांत आणि इंडोनेशियातल्या प्रौढांत अँजिओपोएटिन-2 जितकं जास्त तितका मृत्यूचा धोका जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. मात्र 'एका थेंबात मेंदूचा मलेरिया ओळखा' अशी जाहिरात दिसली तर हात आखडता घ्या. जंतुदोषाने रक्त बिघडलं तरी हेच प्रथिन वाढतं. ते अस्तराची अवस्था सांगतं, कारण नाही. कारण शोधायला काचपट्टी आणि रॅपिड किट लागतेच.

आपल्याकडे फाल्सिपेरमचा मोठा भार गडचिरोलीवर आहे, सांगलीत तो तुरळक. पण तिकडून प्रवास करून आलेल्याला ताप आला, तर डॉक्टरांना प्लेटलेटच्या आधी प्रवासाचं सांगा. निदान लवकर होण्याचा फायदा औषधातही आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र मलेरिया झालेली आफ्रिकेतली 5,425 मुलं होती. क्विनाइन दिलेल्यांत 10.9 टक्के दगावली, आर्टेसुनेट इंजेक्शन दिलेल्यांत 8.5 टक्के. क्विनाइनचा मारा मुख्यतः जून परजीवींवर असतो. आर्टेसुनेट कोवळ्या अंगठ्याही मारतं, त्या अस्तराला चिकटण्याआधीच.