दिव्याची चांदणी शटरमुळे येत नाही

वडोदऱ्यात कॅमेरा हाती घेतलेल्या प्रत्येकाने फोटोत दिव्याभोवती उमटणाऱ्या टोकदार किरणांच्या चांदणीबद्दल हे ऐकलेलं असतं: ‘शटर जितका वेळ उघडं, तितकी दिव्यांची चांदणी मोठी.’ मीही दोन वर्षं हेच मानून सूरसागर तलावाच्या काठावर ट्रायपॉड रोवून बसायचो.

चांदणी घडवतं ते अॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतल्या पात्यांनी बनलेलं, लहान-मोठं होणारं छिद्र. छिद्र लहान केलं की पात्यांच्या सरळ कडांवरून प्रकाश वळतो आणि प्रत्येक कडेच्या काटकोनात दोन्ही बाजूंना किरण फेकतो. पाती सम असतील तर समोरासमोरचे किरण एकावर एक बसतात, म्हणून ८ पात्यांना ८ टोकं. विषम असतील तर दुप्पट: ७ पात्यांना १४. टोकं मोजा, लेन्सची पाती बहुधा कळतात!

गैरसमज कुठून आला हेही उघड आहे. छिद्र लहान केलं की प्रकाश कमी येतो, म्हणून शटर सहसा जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि श्रेय जातं शटरला. तिन्हीसांजेला, आकाश अजून निळं असताना, तलावाजवळच्या न्यायमंदिर या जुन्या इमारतीकडच्या दिव्यांवर करून बघा (एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान; आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता). एफ २.८, आयएसओ १००, अर्धा सेकंद: दिवे नुसते गोळे. एफ १६ आणि १६ सेकंद: चांदण्या. आता एफ १६ तसाच, आयएसओ ३२००, पुन्हा अर्धा सेकंद. फोटोत खरखर वाढेल, पाण्यातली प्रतिबिंबं तुटक दिसतील, पण चांदण्या तशाच.

मोबाइलमध्ये अॅपर्चर बहुधा बदलताच येत नाही. तिथे दिव्यातून तिरपी रेघ निघाली, तर आधी लेन्सवरचा बोटाचा तेलकट ठसा पुसा.